छत नवं केलंत? मग अ‍ॅटिकमधला पाइपही बघून घ्या!

डॅलस परिसरातल्या आईबाबांनो, हीटर सुरू करण्याआधी दोन मिनिटं काढून हे वाचा.

गेल्या वर्षी गारपिटीनंतर इन्शुरन्समधून आमचं छत नवं झालं. आम्ही खूश! नोव्हेंबरात हीटर लावला आणि पुण्याहून आलेल्या आईचं डोकं दुखायला लागलं, मळमळायला लागलं. आधी म्हटलं जेटलॅग, मग म्हटलं पित्त. बाहेर फिरायला नेलं की तिला बरं वाटायचं, पण त्याचा अर्थ आमच्या डोक्यात शिरला नाही. एका रात्री कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला. मुलांना उचलून बाहेर पळालो, ९११ ला फोन केला. नंतर कळलं, छताच्या कामात हीटरचा धूर बाहेर नेणारा पाइप वर ओढला गेला आणि अ‍ॅटिकमध्ये त्याचा सांधा सुटला. छतावरची टोपी मात्र जागच्या जागी!

या वायूला वास नसतो, रंग नसतो. आणि दिवसभर घरात कोण असतं? आपले आईवडील आणि लहान मुलं.

माझं स्पष्ट मत आहे की हा पाइप कुणाचाच नसतो. छतवाल्याचं काम शिंगल्सपाशी संपतं, हीटरवाला बोलावल्याशिवाय येत नाही. आणि आपण? घर घेताना शाळेचं रेटिंग बघतो, दार पूर्वेला आहे का बघतो, अ‍ॅटिकमध्ये डोकावत नाही. मग तो पाइप आपलाच समजायला हवा.

एवढं करा:

• छत बदललं की हीटर आणि गॅसच्या वॉटर हीटरचे पाइप तंत्रज्ञाकडून तपासून घ्या. सांधे घट्ट हवेत. दुहेरी भिंतीच्या धातूच्या पाइपपासून लाकूड साधारण १ इंच तरी लांब हवं, एकेरी पाइपला त्याहून बरंच जास्त अंतर लागतं. इन्सुलेशनही पाइपला टेकलेलं नको.

• प्रत्येक मजल्यावर आणि झोपायच्या खोल्यांबाहेर अलार्म लावा. मागे छापलेली तारीख बघा, अलार्मही म्हातारे होतात.

• घरात डोकं दुखतं आणि बाहेर गेल्यावर थांबतं, असं कुणी म्हणालं तर गोळी शोधत बसू नका. आधी सगळे बाहेर पडा, मग ९११.

छताला हजारो डॉलर्स लागतात, ही तपासणी त्यामानाने किरकोळ. यंदा आई परत येतेय. तिचं तिकीट काढायच्या आधी मी हीटरवाल्याची वेळ घेतली.