इंटरकूलरआधी थर्मामीटर घ्या!

नगरमध्ये कुठल्याही कॉलेजच्या पार्किंगमध्ये किंवा मंगल कार्यालयाबाहेर पाच मिनिटं उभे राहा, एखादी स्कॉर्पिओ दिसणारच. एमहॉक इंजिनाची जुनी स्कॉर्पिओ असेल तर तिच्या बॉनेटवर हवा घेणारं एक तोंड असतं. ते कशासाठी आहे, असं सोबतच्या मित्राला विचारून बघा. "स्टाईल आहे भावा," असं उत्तर येण्याची शक्यता जास्त.

त्या तोंडाखाली, इंजिनाच्या वर, इंटरकूलर बसवलेला आहे. गाडी धावताना त्याला वारा मिळावा म्हणून ती जागा केलीय. आता हेच तोंड प्लास्टिकचं बनवून, डबल टेपने बॉनेटवर चिकटवलेल्या गाड्याही तुम्ही पाहिल्या असतील. खाली ना इंटरकूलर, ना भोक. आपण हसतो. पण रील पाहून "मोठ्यात मोठा फ्रंट माउंट टाकू" म्हणणारेही वेगळं काही करत नाहीत. त्यांचं स्टिकर फक्त महाग असतं.

मुळात इंटरकूलर लागतो कशाला? टर्बो हवा दाबतो आणि दाबलेली हवा तापते. सायकलच्या पंपाचं टोक गरम होतं, तसंच. तापलेली हवा विरळ होते, म्हणजे सिलिंडरमध्ये ऑक्सिजन कमी जातो. पेट्रोल इंजिन असेल तर नॉकिंगची भीती वाढते, डिझेलमध्ये एक्झॉस्टचं तापमान वाढतं. म्हणून टर्बो आणि इंजिन यांच्यामध्ये हवा थंड करणारा एक रेडिएटर बसवायचा. तोच इंटरकूलर.

आता थर्मोच्या पेपरसारखं एक गणित करू. आपल्याकडचा मे महिना, बाहेर ४० अंश. बूस्ट ०.८ बार, म्हणजे हवेचा दाब १.८ पट. कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर टर्बोतून बाहेर पडणारी हवा साधारण १२२ अंशांची असते. पाणी उकळतं त्याहून गरम!

पहिला इंटरकूलर साधा घ्या, ७० टक्के परिणामकारक. वाढलेल्या ८२ अंशांपैकी ५७ अंश तो काढून घेतो, हवा ६५ अंशांवर येते आणि सुमारे १७ टक्के दाट होते. पण कोअरमधून जाताना ०.१ बार दाब गेला, तर हातात उरतो १० टक्क्यांच्या आसपासचा फायदा. दुसरा घ्या जाडजूड, दाट फिनचा, लांबलचक पाइप असलेला. तो ८० टक्के परिणामकारक आहे, हवा ५६ अंशांपर्यंत आणतो. पण दाब ०.२ बारने पडला, तर फायदा उरतो साडेसहा टक्के. म्हणजे हवा जास्त थंड करणारा हरला! ईसीयूने तो पडलेला दाब भरून काढायचा ठरवलं, तर टर्बोला जास्त राबावं लागतं आणि तो हवा आणखी तापवतो.

म्हणून दुकानदाराला "केवढा मोठा आहे?" विचारण्याआधी विचारा, "किती हवेला किती दाब पडतो?" उत्तर नसेल तर तिथून निघा. आणि कोअर वाढवायचाच असेल तर सहसा जाडीपेक्षा समोरचं क्षेत्रफळ वाढवणं बरं. जाड कोअरच्या मागच्या थराला पुढच्या थराने तापवलेलीच हवा मिळते.

दुसरा प्रश्न जागेचा. स्कॉर्पिओसारखा वर बसवलेला इंटरकूलर घेतला तर पाइप लहान राहतात, टर्बोचा प्रतिसाद पटकन मिळतो. सुबारू डब्ल्यूआरएक्सनेही हीच जागा निवडली. पण खाली इंजिन तापलेलं असतं. नगर-मनमाड रस्त्यावर राहुरीच्या पुढे ट्रॉल्यांच्या मागे अर्धा तास रांगेत रांगत जा, वारा बंद, आणि इंटरकूलर खालूनच तापत बसतो. समोर ग्रिलमागे बसवला, तर ताजी हवा मिळते, पण पाइप लांब होतात आणि मागच्या एसी कंडेन्सरच्या आणि रेडिएटरच्या वाटची हवा अडते.

ही शेवटची गोष्ट कुणी सांगत नाही. ओळखीतल्या एका पोराने वडिलांच्या डिझेल गाडीला दणकट बार-अँड-प्लेट कोअर लावून घेतला. हिवाळाभर खूश होता. मे महिन्यात घरच्यांना घेऊन करंजी घाट चढताना आधी एसी गरम हवा मारायला लागला, मग तापमानाचा काटा वर सरकला. मागच्या सीटवर आजी होती. गाडी बाजूला घेऊन, बॉनेट उघडून सगळे झाडाखाली बसले. पॉवर वाढली होती का? त्याला माहीत नव्हतं. त्याने मोजलीच नव्हती.

बार-अँड-प्लेट वाईट असतो असं नाही. तो मजबूत असतो आणि थोड्या वेळाचा जोर चांगला पेलतो, पण जड असतो आणि एकदा तापला की निवायला वेळ घेतो. ट्यूब-अँड-फिन हलका, लवकर तापतो तसा लवकर निवतो आणि मागे हवा जाऊ देतो. रोज वापरायच्या गाडीला मी हाच निवडेन. तिसरा पर्याय पाण्याचा. चाकणला तयार होणाऱ्या व्हर्टस, तायगुनच्या १.० टीएसआयमध्ये पाण्याने थंड होणारा इंटरकूलर इन्टेक मॅनिफोल्डमध्येच बसवलेला आहे. मधलं अंतर कमी, प्रतिसाद झटपट. पण त्यासाठी वेगळा पंप, वेगळा छोटा रेडिएटर हवा. तेवढी तयारी नसेल तर घरगुती जुगाडात पाणी तापतं आणि सगळाच खेळ संपतो.

सुप्रा किंवा फॉर्म्युला भारतसाठी गाडी बांधणाऱ्या टीमने तर आणखी विचार करावा. तिथे पेट्रोल इंजिनाला सगळी हवा २० मिमीच्या रेस्ट्रिक्टरमधून घ्यावी लागते. हवेलाच मर्यादा असताना भलामोठा कोअर लावणं म्हणजे वजन आणि लॅग विकत घेणं.

आपल्या गावाला या गोष्टी शिकायला बाहेर जायची गरज नाही. कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये आपण रणगाड्यांच्या तोफेसमोर सेल्फी काढतो. पुढच्या वेळी १९६५ च्या युद्धातल्या पॅटनच्या मागे जा. त्याचं इंजिन हवेने थंड होणारं, आणि मागच्या भागावर जाळ्याच जाळ्या. हवा आत कुठून येणार आणि बाहेर कुठून जाणार, याचं उत्तर आधी आणि चिलखत त्याच्याभोवती. डीआरडीओची व्हीआरडीई आपल्याच शहरात आहे. बाजारात येण्याआधी गाड्या जिथे तपासून प्रमाणित होतात, अशा देशातल्या मोजक्या संस्थांपैकी ती एक. तिथे "भारी दिसते" या शेऱ्यावर कुणी गाडी पास करत नाही.

आपण मात्र हजारो रुपये मोजतो आणि एक आकडा मोजत नाही. माझं मत स्पष्ट आहे: ज्याने आधी तापमान मोजलं नाही, त्याने इंटरकूलर घेऊ नये. ओबीडीचा साधा डोंगल आणि मोबाइल ॲप यात काम होतं. फक्त गाडीतला सेन्सर टर्बोच्या आधी आहे की इंटरकूलरच्या नंतर, हे तपासा, नाहीतर बाहेरच्याच हवेचं तापमान वाचत बसाल. नंतरचा हवा असेल आणि गाडीत नसेल तर वेगळा थर्मोकपल लावा. दुपारी एकदा घाट चढा, एकदा रांगेतून जा, आकडे लिहून ठेवा. घाटातही तापमान आटोक्यात असेल, तर कंपनीचा इंटरकूलर पुरेसा आहे. पैसे टायर आणि ब्रेकवर घाला.

आणि हो, मोठ्या इंटरकूलरच्या मागोमाग रिमॅप येतोच. मग गाडीतल्या बदलांबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, वॉरंटी आणि विमा हे तिघेही दारात उभे राहतात. गाडी वडिलांच्या नावावर असेल तर उत्तरं त्यांना द्यावी लागतात.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला हा विषय घेणाऱ्यांसाठी एक सांगतो. व्हायवात एक्स्टर्नल विचारणार, "हाच कोअर का?" "सर, मार्केटमध्ये हाच होता" या उत्तराने मार्क मिळतीलही कदाचित. पण नोकरीच्या इंटरव्ह्यूत समोरच्याला हवी असते तुमची ती आकड्यांची वही. येत्या रविवारी दुपारी बारा वाजता ती उघडा. ऊन आपल्याकडे फुकट आहे.