‘अख्खा महाराष्ट्र’ म्हणजे कोणता महाराष्ट्र, भाऊ?

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, पण शेवटपर्यंत वाचा. शिव्या द्यायच्या असतील तर वाचून झाल्यावर द्या.

ऑगस्ट २०२५ मध्ये बाळ कर्वे गेले. ‘चिमणराव’ मालिकेतले गुंड्याभाऊ. तेव्हापासून माझ्या मोबाइलवर एकाच साच्यातले मेसेज येत राहिले आहेत, अगदी आपल्या अहेरी-आलापल्लीच्या ग्रुपवरसुद्धा. वर जुना काळा-पांढरा फोटो. खाली मजकूर असा, की ते दूरदर्शनचे सोन्याचे दिवस होते, चिमणराव लागला की रस्ते ओस पडायचे, अख्खा महाराष्ट्र एकत्र बसून हसायचा, आता ना तशी माणसं राहिली ना तशा मालिका. शेवटी दोन रडके चेहरे, एक हात जोडलेला.

कर्व्यांना माझाही मनापासून नमस्कार. नव्वदी ओलांडलेला तो माणूस जाईपर्यंत लोक त्याला गुंड्याभाऊच म्हणत होते. चिमणराव झालेले दिलीप प्रभावळकर तर आजही आपल्याला घरातले वाटतात. त्या जोडीवर प्रेम करणाऱ्यांशी माझं भांडण नाही. माझं भांडण आहे दोन शब्दांशी. ‘अख्खा महाराष्ट्र’.

जरा हिशेब करू.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. पुढच्या वर्षी पुण्याला ते दिसायला लागलं. ‘चिमणराव’ आली सत्तरच्या दशकाच्या शेवटी. म्हणजे ती मालिका कोणी बघितली? मुंबई-पुण्याच्या टॉवरच्या टप्प्यात ज्याचं घर होतं, आणि त्या घरात किंवा शेजारी टीव्ही होता, त्यानं. आपल्या भागाची पाळी यायला ऐंशीचं दशक उजाडावं लागलं. १९८४ मध्ये देशभर धडाधड ट्रान्समीटर बसवले गेले, तेव्हा कुठे लहान गावांना टीव्ही म्हणजे काय ते कळायला लागलं.

आणि आपण त्या वेळी कुठे होतो? गडचिरोली जिल्हाच नव्हता. तो झाला २६ ऑगस्ट १९८२ ला. तोवर आपण चंद्रपूर जिल्ह्याचं शेपूट. मुंबईपासून हजार किलोमीटरच्या पलीकडे, प्राणहितेच्या काठावर. इथं संध्याकाळी करमणूक म्हणजे भजन, दंडार, नाहीतर रेडिओ.

मग माझ्या अहेरीच्या मित्रा, तू त्या मेसेजखाली ‘आपलं बालपण’ असं काहून लिहितोस बाप्पा? तुझं बालपण आणि माझं बालपण एकाच रस्त्यावर गेलं. त्यात चिमणराव नव्हता. चिं. वि. जोशींची पुस्तकं कोणाच्या तरी कपाटात असतील. पण टीव्हीसमोर बसलेलं, एकत्र खळखळून हसणारं ते घर पुण्याचं होतं, दादरचं होतं. ती आठवण तू उसनी घेतलीस. उसन्या साखरेनं चहा गोड होतो, पण साखर दुसऱ्याची आहे हे ध्यानात ठेवावं लागते.

आता कोणी म्हणेल, पत्रकारसाहेब, एवढ्याशा मेसेजवर एवढं काय? लोकांना दोन घटका जुन्या आठवणीत रमू द्या ना. रमा जी. बिलकुल रमा. पण ‘अख्खा महाराष्ट्र’ हे शब्द फक्त आठवणीत येत नाहीत. ते सरकारी कागदात येतात, पुरस्काराच्या यादीत येतात, पाठ्यपुस्तकात येतात. कोणत्या विनोदाला मराठी विनोद म्हणायचं, कोणती टेप जपायची, कोणत्या नटाच्या नावानं सभागृह बांधायचं, हे सगळं ‘सगळ्यांच्या आठवणी’वरून ठरतं. त्या ‘सगळ्यां’मध्ये आपण नसलो, तर आपलं काही जपायचं कारणच उरत नाही.

चांगली गोष्टही सांगतो, नाहीतर म्हणाल याला सगळ्यातच खोट दिसते.

२००१ मध्ये त्या वेळच्या अल्फा मराठीवर ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ सुरू झाली. केदार शिंदेंचं दिग्दर्शन, प्रभावळकरांच्याच ‘अनुदिनी’ या पुस्तकावर आधारलेली. एकेकाळचा तरुण चिमणराव इथं आजोबा झाला होता. राजन भिसे, शुभांगी गोखले, विकास कदम, रेश्मा नाईक, असं पाच माणसांचं साधं घर. मी तेव्हा विशीत होतो, पत्रकारितेचा डिप्लोमा करून लिहायला लागलो होतो. केबलवाल्याच्या कृपेनं जो भाग मुंबईत दिसायचा तोच त्याच वेळी आपल्याकडे दिसायचा. वीज असली तर. आमच्या ओळीत तेलुगू बोलणारी घरं होती, बंगाली बोलणारी होती, त्यांनाही आबा टिपरे कळायचे. कारण सून-सासरा, नातू-आजोबा हे भांडण आणि ही माया सगळ्या भाषेत सारखीच. म्हणजे मालिका वाईट नव्हत्या, आपण बी मागास नव्हतो. सिग्नल पोचला तसं आपणही हसलो. एवढी साधी गोष्ट आहे.

आता दुसरा मुद्दा. जे ‘सोन्याचे दिवस’ म्हणून गळा काढतात, त्यांनी ते सोनं ठेवलं कुठं?

त्या काळी व्हिडिओ टेप महाग होती. जुनं पुसायचं आणि त्याच टेपवर नवं भरायचं, अशी पद्धत होती. दूरदर्शनचे त्या काळातले कितीतरी कार्यक्रम असेच गेले. ‘चिमणराव’चेही मोजकेच भाग आज बघायला मिळतात. बाकीची मालिका राहिली ती लोकांच्या डोक्यात, आणि ती डोकी आता एकेक करून चालली आहेत.

यातली खरी गंमत ऐका. चिमणराव ज्यांच्या डोक्यातून निघाले ते चिं. वि. जोशी पुण्या-मुंबईत बसून नव्हे, बडोद्यात नोकरी करून लिहीत होते. पालीचे पंडित. आणि बडोदे संस्थानात त्यांचं काम काय होतं? दफ्तर सांभाळणं! जुने कागद जपणाऱ्या माणसाचं पात्र आपण टीव्हीवर आणलं आणि त्याच्या टेपा जपल्या नाहीत. यावर खुद्द चिमणरावांनीच एक गोष्ट लिहिली असती.

असं आपल्याकडेच झालं असंही नाही. इंग्लंडच्या बीबीसीनंही टेपा पुसल्या. त्यांची ‘डॅड्स आर्मी’ नावाची विनोदी मालिका आहे, तिकडच्या लोकांचा जीव की प्राण. तिचे काही भाग असेच गहाळ झाले. पण बीबीसीनं काय केलं? लोकांना आवाहन केलं, की कोणाकडे जुनी रीळ, जुनी टेप असेल तर आणून द्या. २००१ मध्ये दोन हरवलेले भाग सापडले. तीन अजून सापडले नाहीत, आणि ते कोणते हे तिथल्या चाहत्याला तोंडपाठ आहे. याला म्हणतात चाहता. काय हरवलं याची यादी त्याच्याकडे असते. आपल्याकडे यादी नाही, फक्त रडका चेहरा आहे.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये प्रसार भारतीनं डीडी रेट्रो नावाची वाहिनी काढली. जुनं दाखवायला. बघायला मिळालं ते बहुतेक हिंदी. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये ‘वेव्हज’ नावाचं स्वतःचं ॲप काढलं. चांगली गोष्ट. मग मुंबई केंद्राच्या मराठी कार्यक्रमांपैकी काय शिल्लक आहे आणि काय गेलं, याची साधी यादी लोकांसमोर का ठेवत नाही? हा पैसा लोकांचा होता. ज्या अहेरीकरानं ‘चिमणराव’ बघितला नाही, त्याच्याही करातून ते केंद्र चालत होतं. निदान आता चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी तरी त्याला बघू द्या.

आता येतो आपल्या घरी.

तुम्ही म्हणता, मराठीत आता विनोदी नट राहिले नाहीत. भाऊ, भाऊबीज झाली की वडसा गाठा. देसाईगंज-वडसा म्हणजे झाडीपट्टी रंगभूमीचं ठाणं. नाट्यमंडळांची ऑफिसं, भिंतीभर पोस्टर, तारखा बुक करायला आलेले गावोगावचे लोक. धान कापून झालं की होळीपर्यंत गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या खेड्यांत नाटकं लागतात. कुठे शंकरपट, कुठे मंडई, आणि रात्री नाटक. रात्री दहाला पडदा उघडतो तो पहाटेपर्यंत. कडाक्याच्या थंडीत घोंगडी पांघरून माणसं बसतात, तिकीट काढून बसतात. घरी लेकी-जावयांना खास नाटकासाठी बोलावणं जाते. आणि गंभीर प्रवेशात डोळे पुसणारं ते पब्लिक विनोदी नट आला की असं हसते, की पुढचा डायलॉग ऐकू येत नाही.

डॉ. परशुराम खुणे याच मातीतले. आपल्याच जिल्ह्याचे. विनोदी भूमिकांसाठी गाजलेले. ८०० वेगवेगळ्या भूमिका, पाच हजारांवर प्रयोग. २०२३ ला पद्मश्री मिळाली तेव्हा मुंबईच्या कितीतरी पत्रकारांना ‘झाडीपट्टी म्हणजे काय’ इथपासून सांगावं लागलं. पुरस्कार मिळाला, फोटो छापून आले, संपलं. आता मला सांगा, त्या पाच हजार प्रयोगांपैकी चांगल्या आवाजात, सुरुवातीपासून शेवटपर्यंत रेकॉर्ड केलेले किती प्रयोग तुम्ही बघितले आहेत? एखाद्या पोरानं मोबाइलवर काढलेली दहा मिनिटांची हलती क्लिप, मागे जनरेटरचा आवाज. बस.

आणि खुणे तर पद्मश्री आहेत. त्यांच्यासोबतचे, त्यांच्या आधीचे, ज्यांची नावं फक्त पोस्टरवर छापली आणि पोस्टर पावसात गेलं, त्यांचं काय? हार्मोनियमवाला, तबलजी, स्त्री-भूमिका करणारे जुने पुरुष नट, पदरचे दोन डायलॉग घालून अख्खा प्रवेश उचलणारा तो गावठी विनोदवीर. तो म्हातारा झाला. त्याच्या तोंडी जी झाडीबोली होती ती त्याच्या नातवाच्या तोंडी नाही. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या माणसानं या बोलीच्या अभ्यासाला आयुष्य दिलं म्हणून निदान कागदावर काही राहिलं. पण विनोद कागदावर अर्धाच राहतो. उरलेला अर्धा आवाजात असतो, थांबण्यात असतो, पब्लिककडे बघण्यात असतो. तो रेकॉर्ड केला तरच राहील.

याला लगेच उत्तर येईल, की झाडीपट्टीत आता काय उरलं, नुसता धांगडधिंगा. हे बघा, ‘डान्स हंगामा’च्या नावाखाली काही ठिकाणी जे चालतं, त्याची बाजू मी घेणार नाही. त्यावर मी बातम्याही केल्या आहेत. पण त्याच्यावरून पूर्ण रंगभूमीला नाव ठेवायचं असेल, तर मग आजच्या वाहिन्यांवरच्या पाचकळ कार्यक्रमांवरून ‘चिमणराव’लाही नाव ठेवा. ते कोणी ठेवत नाही. पुण्याचं वाईट आलं तर ते अपवाद, आपलं वाईट आलं तर तोच स्वभाव. हा न्याय मला मान्य नाही.

२०२२ मध्ये ‘झॉलीवूड’ नावाचा सिनेमा आला, तृषांत इंगळेंचा, याच रंगभूमीवर. थेटरात किती दिवस राहिला आणि आपल्यापैकी किती जणांनी तिकीट काढलं, हे ज्यानं त्यानं आपल्या मनाला विचारावं. दोष फक्त मुंबईचा नाही. आपणही आपलं बघत नाही. सिरोंचाच्या पोराला ब्रह्मानंदम कोण हे विचारा, त्याच्या दहा सिनेमांची नावं सांगेल, आणि त्यात काही वाईट नाही. तेलुगू लोकांनी आपला विनोदवीर इतका जपला की तो नदी ओलांडून आपल्या घरात आला. आपला विनोदवीर वडशाहून सिरोंच्याला पोचला का?

म्हणून नुसतं बोंबलून थांबत नाही. तीन गोष्टी मागतो.

एक, प्रसार भारतीनं मुंबई केंद्राच्या जुन्या मराठी कार्यक्रमांची यादी जाहीर करावी आणि जे शिल्लक आहे ते फुकट बघायला ठेवावं. लोकांकडे घरी काही रेकॉर्डिंग असेल तर ते मागावं, बीबीसीसारखं.

दोन, दूरदर्शनचं नागपूर केंद्र आहे ना? त्यांनी दर हंगामात झाडीपट्टीची निदान पाच नाटकं पूर्ण रेकॉर्ड करावीत. स्टुडिओत बोलावून अर्ध्या तासाचा तुकडा नको. गावात, मंडपात, पब्लिकसकट. हसणारं पब्लिक हा त्या नाटकाचा अर्धा भाग आहे.

तीन, आपल्यासाठी. येत्या हंगामात तुमच्या गावात नाटक असेल तर मंडळाला विचारून एक बऱ्यापैकी कॅमेरा लावा, माईक स्टेजजवळ ठेवा. नाटकाचं नाव, लेखक, सगळ्या कलाकारांची नावं, गाव, तारीख लिहून ठेवा. पोस्टर फेकू नका. घरात जुना नट असेल, मग तो काका असो की आजा, त्याच्यासमोर फोन ठेवा आणि म्हणा, सांगा जी, तुमचा तो प्रवेश कसा होता? लाजेल, पण सांगेल. ते सगळं मला पाठवा, मी एका ठिकाणी जमा करतो. माझा हार्ड डिस्कचा खर्च मी करीन.

बाळ कर्व्यांना श्रद्धांजली म्हणून तो काळा-पांढरा फोटो फॉरवर्ड करायचा असेल तर जरूर करा. फक्त ‘अख्खा महाराष्ट्र’ हे दोन शब्द खोडा आणि पाठवा. आणि तोच फोन घेऊन या दिवाळीनंतर एका मंडपात जाऊन बसा. तिथं जो नट पब्लिकला हसवते, त्याचं नाव विचारून घ्या. चाळीस वर्षांनी कोणी त्याची आठवण काढली, तर निदान नाव तरी बरोबर लिहिता येईल.