तपासनिसांना मुदत मिळाली असती तर!

एखाद्या राष्ट्राने संहारक शस्त्रे दडवल्याचा आरोप झाला, की दोन सूर हटकून ऐकू येतात. तपास हा निव्वळ फार्स आहे, फौजा धाडा, असे एक पक्ष म्हणतो. तपास म्हणजे बड्या राष्ट्रांची हेरगिरी, तो धुडकावून लावा, असे दुसरा म्हणतो. इराकचा इतिहास या दोघांनाही खोटे पाडतो. म्हणूनच त्याची उजळणी आम्हांला अगत्याची वाटते.

सद्दाम हुसेन यांची कड घेण्याचे कोणासही कारण नाही. १६ मार्च १९८८ रोजी त्यांच्या विमानांनी हलब्जा येथील कुर्द प्रजेवर विषारी वायूचे बाँब टाकले आणि सुमारे पाच हजार माणसे तडफडून मेली. तेव्हा इराणच्या द्वेषापायी बड्या राष्ट्रांनी या पापाकडे कानाडोळा केला. १९९० मध्ये सद्दामनी कुवेत गिळंकृत केले. तेथील भारतीयांना, आणि त्यांत कित्येक गोमंतकीयांना, मांडलेला संसार टाकून मायदेशी परतावे लागले. मग मात्र जगाला जाग आली. ३ एप्रिल १९९१ रोजी सुरक्षा मंडळाने ६८७ क्रमांकाचा ठराव केला. रासायनिक व जैविक अस्त्रे आणि दीडशे किलोमीटरहून अधिक पल्ल्याची क्षेपणास्त्रे इराकने नष्ट करावीत, असा त्याचा दंडक होता.

स्वीडनचे रोल्फ एकेउस यांच्या आयोगाने हे काम हाती घेतले. इराकने कागदपत्रे लपवली, जंतुशस्त्रांची निर्मिती १९९५ उजाडेपर्यंत कबूल केली नाही. तरीही आयोगाच्या देखरेखीखाली ४८ क्षेपणास्त्रे, ३८ हजारांहून अधिक रासायनिक बाँब व गोळे आणि सुमारे ६९० टन विषारी द्रव्ये नष्ट झाली. आखाती युद्धातील बाँबवर्षावाला जे साधले नाही, ते चिकाटीच्या तपासाने साधले.

मग घोडे अडले कोठे? सद्दामनी बरीचशी शस्त्रे १९९१ मध्येच गुपचूप नष्ट केली होती. पण साक्षीदाराविना नष्ट केलेल्या शस्त्राचा पुरावा द्यायचा कसा? डिसेंबर १९९८ मध्ये तपासनीस बाहेर पडले, अमेरिका व ब्रिटनने बाँबफेक केली आणि पुढची चार वर्षे तपासाची जागा संशयाने घेतली. नोव्हेंबर २००२ मध्ये हान्स ब्लिक्स यांचे पथक परतले. त्याने सातशेहून अधिक वेळा झडत्या घेतल्या. 'अल समूद' क्षेपणास्त्रांचा पल्ला मर्यादेबाहेर जातो असे दिसताच त्यांपैकी सुमारे सत्तर मोडून टाकण्यात आली. उरलेल्या कामास काही महिने लागतील, असे ब्लिक्स सांगत होते. ते महिने त्यांना मिळाले नाहीत. २० मार्च २००३ रोजी युद्ध सुरू झाले. पुढे अमेरिकेनेच नेमलेल्या पथकाने २००४ मध्ये अहवाल दिला की शस्त्रांचे साठे नव्हतेच! तोवर देश बेचिराख झाला होता. त्यानंतरच्या यादवीने बळींची संख्या लाखावर नेली.

याउलट दुसरा मार्गही जगाने पाहिला आहे. १९९३ च्या रासायनिक शस्त्रबंदी करारावर भारताने सही केली, १९९७ मध्ये आपला साठा स्वतःहून जाहीर केला आणि हेगच्या संघटनेच्या देखरेखीखाली २००९ मध्ये तो संपवला. अमेरिकेची वाढवून दिलेली मुदत २०१२ मध्ये टळली. तिचा साठा संपला २०२३ च्या जुलैमध्ये. या विलंबाबद्दल वॉशिंग्टनवर कोणी विमाने धाडली नाहीत. धाडूही नयेत. आमचे म्हणणे इतकेच, की जो धीर बलाढ्यांच्या वाट्याला येतो तो दुबळ्यांच्याही वाट्याला यावा.

शस्त्रे टाकूनही मस्तक उडणार असेल, तर उद्याचा कोणता राज्यकर्ता ती टाकील? तपासाला दारे उघडणाऱ्यास संरक्षणाची हमी आणि तपासनिसास काम पुरे करण्याची मुदत, या दोन गोष्टी मिळाल्या नाहीत तर निःशस्त्रीकरणाचे ठराव कागदावरच राहतील. 'बळी तो कान पिळी' हा न्याय विषारी वायूइतकाच घातक आहे, आणि त्यावर उतारा अजून सापडलेला नाही.