ताराबाईंचे बिऱ्हाड

पाळीव प्राणी म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे कुत्रा येतो, मांजर येते, फार तर पिंजऱ्यातला पोपट येतो. कोळी मात्र येत नाही. तो आपल्याला दोनच ठिकाणी भेटतो : दिवाळीच्या साफसफाईत केरसुणीच्या टोकाला, आणि क्रमिक पुस्तकात, गुहेतल्या त्या हरलेल्या राजाला धीर देताना. तो पैसे देऊन घरी आणावा आणि त्याला बिऱ्हाड थाटून द्यावे, हा प्रकार मी 2023च्या उन्हाळ्यात न्यू जर्सीला धाकट्या बहिणीकडे गेलो तेव्हा प्रथम पाहिला.

तिच्या चिरंजीवांनी टॅरँट्युला पाळली आहे. जात मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्याकडची. आकार तळहाताएवढा, रंग काळा, गुडघ्यांवर शेंदरी पट्टे. भाच्याच्या आजीला तो उच्चार काही जमेना, तेव्हा त्यांनी सरळ 'ताराबाई' म्हणायला सुरुवात केली. हे बहुवचन वावगे नव्हे. या जातीची मादी वीस-पंचवीस वर्षे सहज जगते. नराचे आयुष्य त्या मानाने तुटपुंजे.

भाचा दोन आठवडे शिबिराला गेला आणि ताराबाईंची व्यवस्था माझ्याकडे आली. बहीण त्या खोलीत पाऊल टाकत नसे.

बिऱ्हाड म्हणजे काचेची एक बसकी पेटी. एवढ्या मोठ्या देशात जागेची ही काटकसर कशाला, असे मला वाटले होते. पण ताराबाई जमिनीवर, बिळात राहणाऱ्या. काचेवर चढून हातभर उंचीवरून पडल्या तरी पोट फुटून प्राण जायचा. म्हणून तळाला जाड थर आणि वर मोकळी जागा थोडी. थर कसला, तर नारळाच्या भुशाचा! दाबून केलेली वीट दुकानात मिळते, पाण्यात टाकली की फुगते. कोकणात सोडणे परसात कुजत पडतात, ती आठवून मी विटेची किंमत रुपयांत करून पाहिली आणि गप्प बसलो. एका कोपऱ्यात बुचाच्या सालीचा आडोसा, दुसऱ्यात पाण्याची उथळ वाटी. उबेला दिवा नको. माणसाला घरात जी हवा मानवते तीच त्यांनाही मानवते. जेवण आठवड्यातून एकदा, दोन रातकिडे. (आमच्या घरात इतका स्वस्त पाहुणा अद्याप आलेला नाही.)

हातात घेऊन कुरवाळायचे मात्र नाही. रागावल्या की मागच्या पायांनी पोटावरचे बारीक केस उडवतात. ते कातडीला लागले तर खाज सुटते, डोळ्यांत गेले तर दवाखाना गाठावा लागतो. शिवाय कुरवाळून उपयोग तरी काय? डोळे आठ, पण दृष्टी अधू. जगाची वार्ता कळते ती पायांखालच्या थरथरीतून. मालक कोण, पाहुणा कोण, हे त्यांच्या गावीही नसते.

पाचव्या दिवशी जेवण नाकारले. रातकिडा तसाच आत राहिला तर तोच उलट चावायचा, म्हणून मी तो चिमट्याने बाहेर काढला. सातव्या दिवशी संध्याकाळी बहिणीने दारातूनच पाहिले आणि ओरडली, "दादा, ती गेली!" ताराबाई उताण्या पडल्या होत्या, आठही पाय पसरून. बहीण केरभरणी घेऊन आली. तोंडाने "सुटलो एकदाचे" म्हणत होती, पण पुढे लगेच, "आता त्याला काय सांगायचं रे?"

भाच्याने पेटीला सूचनांचा कागद चिकटवला होता. त्यातली शेवटची सूचना अशी, की मेलेल्या टॅरँट्युलाचे पाय पोटाखाली आखडतात. उताणी पडलेली बहुधा कात टाकत असते. तिला हात लावू नये. या वेळी अंग लोण्यासारखे मऊ असते, साध्या धक्क्यानेही फाटते. मी केरभरणी बाहेर नेऊन ठेवली.

मग आम्ही दोघे भावंडे तिथेच बसलो. पाठीवरचे कवच डबीच्या झाकणासारखे उघडले. एकेक पाय जुन्या कातडीतून निघू लागला, ओला पायमोजा काढावा तसा, मध्येच थांबत. एक पाय अडकला तेव्हा बहिणीने माझे मनगट घट्ट धरले. "मदत नाही का करता येत?" नाही करता येत. बारा वाजून गेले तरी ती उठली नाही. पहाटे पेटीत दोन ताराबाई होत्या : एक पोकळ, आणि एक नवी, नव्या दातांचा रंग दुधासारखा पांढरा. ते दात टणक होईतो आठ-दहा दिवस उपवास.

2025मध्ये भाचा कॉलेजला गेला. वसतिगृहात प्राणी चालत नाहीत. ताराबाईंना जेमतेम दहावे वर्ष, म्हणजे अजून पंधरा वर्षांचा संसार बाकी. कोणाला देऊन टाकावे, असे मेहुण्यांनी सुचवून पाहिले. रानात सोडायची सोय नाही. जन्म पेटीतला, आणि तिथला हिवाळा बर्फाचा. बहिणीने उत्तर दिले नाही. भाच्याकडून दुकानाचा पत्ता तेवढा मागून घेतला.

परवा फोनवर बोलताना मागून किर्र किर्र ऐकू येत होते. मी विचारले तर म्हणाली, "काही नाही रे, उद्याचा स्वयंपाक आहे तिचा."