दिवाणखाना आणि अंथरूण

सणासुदीस घर झाडून काढण्याची आपल्याकडील चाल जुनी व स्तुत्य आहे. दिवाळी म्हणा, नाताळ म्हणा, आठ दिवस अगोदर घरोघरीं जाळींजळमटें निघतात, भिंतींस रंग लागतो, पितळेचीं भांडीं चिंचेनें लख्ख होतात, आणि पाहुण्यांच्या दृष्टीस पडेल असा एकहि कोपरा मळका राहत नाहीं. याविरुद्ध कोण काय बोलेल? परंतु ज्या घरांत दम्याचें किंवा सारख्या शिंका येणारें एखादें मूल आहे, तेथील वडील मंडळींस आमची विनंति आहे कीं, ही सारी स्वच्छता डोळ्यांसाठीं झाली. श्वासासाठीं करावयाची स्वच्छता निराळी असते, आणि तिचा आरंभ त्या मुलाच्या अंथरुणापासून होतो.

कारण थोडक्यांत सांगतों. घरांतील धुळीनें दमा उठतो, हें वैद्यांस पूर्वींपासून ठाऊक होतें. पण त्या धुळींत नेमकें काय असतें, याचा उलगडा १९६४ सालीं व त्यापुढील दोन-चार वर्षांत हॉलंडांतील लायडेन येथें फोरहॉर्स्ट, स्पीक्स्मा प्रभृति संशोधकांनीं केला. कोळ्याच्या कुळांतला, आठ पायांचा, मिलिमीटरचा जेमतेम तिसरा हिस्सा भरेल एवढा एक जीव आपल्या गाद्या-उशांत हजारोंनीं राहतो. त्यास डस्ट माइट म्हणतात. तो चावत नाहीं, रक्त पीत नाहीं; आपल्या अंगावरून झडणारे त्वचेचे कण हेंच त्याचें अन्न. पाणीहि तो पीत नाहीं, हवेंतील ओलावा शोषून घेतो. बिछान्यांत त्याला दोन्ही आयतें मिळतें. त्याच्या विष्ठेचे वाळलेले कण गादी हलतांच वर उडतात व श्वासाबरोबर आंत जातात. आणि ज्याचें शरीर त्या कणांतील प्रथिनांस शत्रु समजतें, त्याच्या नाकास धार लागते, डोळे चुरचुरतात, छातींत घरघर सुरू होते. कोकणपट्टींत व मुंबईंत हवा वर्षाचा बहुतेक काळ दमट, म्हणून तेथें या जीवाची चंगळ. देशावरच्या कोरड्या उन्हाळ्यांत त्याची संख्या घटते, पण पावसाळा आला कीं पुन्हा वाढते.

आतां आपली नित्याची केरसुणी पाहा. कोरडा झाडू जमिनीवरची धूळ नाकापर्यंत उचलून देतो, आणि थोड्या वेळानें ती पुन्हा पलंगावर येऊन बसते. जुन्या बायका सडा शिंपडल्यावांचून अंगण झाडीत नसत, त्यांत मोठें शहाणपण होतें. फरशीवर ओलें फडकें फिरवावें, कपाटावरची धूळहि ओल्या फडक्यानेंच टिपावी. (फळ्याविषयींहि हाच नियम; पण हें वर्गांत सांगून सांगून आमचा घसा सुकला आहे.)

अंथरुणाचें म्हणाल, तर चादरी, अभ्रे व पांघरुणें आठवड्यास एकदां हात घालवणार नाहीं इतक्या कढत, साठ अंशांच्या पाण्यांत धुवावीं. गार पाण्यानें मळ जातो, विष्ठेचे कणहि पुष्कळ जातात, पण जीव मरत नाहींत. गाद्या व गोधड्या वैशाखाच्या कडक उन्हांत घालण्याची आजीची रीत सोडूं नये. ऑस्ट्रेलियांतील संशोधकांनीं १९९४ सालीं गालिचे उन्हांत ठेवून पाहिले, तेव्हां त्यांतील सर्व माइट मेल्याचें आढळलें. मात्र मेलेल्यांची घाण तशीच राहते. म्हणून गादी घराबाहेर झोडपून काढावी, आणि तें काम आजारी मुलानें करूं नये. गादी-उशीस घट्ट विणीचा बंद अभ्रा घातल्यास उत्तम. पलंगाखालीं कोंबलेलीं जुन्या कपड्यांचीं गांठोडीं दुसरीकडे हलवावीं.

ओल धरलेल्या भिंतीवर रंग देऊन बुरशी जात नाहीं. गळती बुजविली पाहिजे. झुरळांची विष्ठाहि दमा उठविते, तेव्हां रात्रीं उघडें अन्न व उष्टीं भांडीं ठेवूं नयेत. विडीचा, धुपाचा व डांस पळविण्याच्या कॉइलचा धूर ही कांहीं ॲलर्जी नव्हे, पण सुजलेल्या श्वासनलिकेस तो सोसत नाहीं.

एवढें केलें म्हणजे दमा बरा होईल, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. माइट घालविण्याच्या उपायांवरील अनेक प्रयोगांचा २००८ सालीं एकत्र आढावा घेतला गेला, त्यांत दमेकऱ्यांस विशेष लाभ दिसला नाहीं. उलट, अमेरिकेंतील सात शहरांतल्या ९३७ मुलांवरील प्रयोगांत, जो २००४ सालीं प्रसिद्ध झाला, प्रत्येक मुलास कशाचा त्रास होतो तें पाहून बिछाना, झुरळें, धूर अशा अनेक गोष्टींकडे एकदम लक्ष पुरविलें, तेव्हां त्रासाचे दिवस कमी झाले. आमच्या मतें याचा अर्थ इतकाच कीं, महागडा अभ्रा आणून स्वस्थ बसण्यांत हंशील नाहीं. हवा गाळणाऱ्या यंत्राचेंहि तेंच. माइटचे कण जड, ते लवकर खालीं बसतात, कोपऱ्यांतलें यंत्र त्यांस काय करणार?

शिवाय औषध हें औषधच. श्वासावाटे घ्यावयाच्या औषधाची सवय लागते, मुलीच्या लग्नास अडचण येते, असल्या समजुतींपायीं कित्येक पालक पंप लपवून ठेवितात व मुलास खेळाच्या तासास बसवून ठेवण्याची चिठ्ठी देतात. सवय लागत नाहीं. डॉक्टरांनीं सांगितलेलें औषध नियमानें चालू असेल, तर अशीं मुलें बहुधा इतरांसारखीं धांवतात.

राहिला प्रश्न हें सर्व करावयाचें कोणीं. आजवरचा अनुभव असा कीं, पहांटे उठून झाडण्याचें काम घरांतल्या मुलीकडे येतें, मग तिलाच दमा असला तरी. आणि तिचा धडधाकट भाऊ पाय वर घेऊन तिच्या केरसुणीला वाट करून देतो. ही वांटणी बदलावी. इयत्ता पांचवींतल्या मुलालाहि फडकें पिळतां येतें.