वयाची पाठदुखी की मणक्यांतील जंतू?

घरातील वडीलधारी मंडळी पाठ दुखते म्हणाली की ‘आता वयच झाले’ असे म्हणून आपण तेलाची वाटी पुढे करतो. बहुतेक वेळा त्यात वावगे काही नसते. परंतु क्वचित हे दुखणे झिजेचे नसून मणक्यांत शिरलेल्या जंतूंचे असते, आणि ते ओळखण्यास उशीर झाला तर पायांतील शक्तीच जाण्याचा धोका असतो.

झिजेचे दुखणे विसाव्याने बहुधा उतरते. संसर्गाचे दुखणे पडून राहिले तरी छळते, रात्री जागे करते आणि आठवड्या-आठवड्याला वाढत जाते. अंगात कसर, अन्नावरची वासना उडणे, वजन घटणे ही त्याची सोबत. वृद्धांना ताप येतोच असे मात्र नाही. तेव्हा ताप नाही या भरवशावर राहू नये. मधुमेह असेल, नुकताच लघवीचा संसर्ग झाला असेल किंवा पायाची जखम चिघळली असेल, तर संशय अधिक घ्यावा. आपल्यासारख्या परप्रांती स्थिरावलेल्या घरांची एक अडचण येथे सांगितलीच पाहिजे. डॉक्टर गुजराती, कानडी वा तेलुगू बोलणारे. आजी ‘पाठ धरली आहे’ एवढेच म्हणतात आणि मुलगा तेवढेच त्यांच्या भाषेत सांगतो. रात्रीची झोपमोड आणि सैल झालेल्या बांगड्या त्यातून निसटतात. त्या कागदावर टिपून न्याव्यात.

निदानासाठी एमआरआय, रक्तातील जंतूंची तपासणी आणि बहुधा मणक्यातून सुईने काढलेला नमुना लागतो. प्रकृती गंभीर नसेल तर नमुना हाती येईपर्यंत प्रतिजैविके सुरू न करणे बरे. दुकानातून आणलेल्या चार गोळ्यांनी जंतू दडून बसतात आणि औषध अंदाजाने द्यावे लागते.

आपल्या देशात याचे मोठे कारण म्हणजे क्षय. लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ साली त्याचे वर्णन केले. पूर्वी रोग्याला महिनोन्महिने प्लास्टरच्या कवचात निजवीत. कोरियातील मसान येथे ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिलने केलेल्या, १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसले की नियमित औषधे घेणाऱ्यांना रुग्णालयात निजवून ठेवल्याने अधिक लाभ होत नाही. ते रोगी तरुण होते हे खरे. पण वृद्धांना तर दीर्घ शय्येमुळे शय्याव्रण आणि न्यूमोनिया यांचेही भय. आपल्याकडे वाराणसीच्या डॉ. एस. एम. तुली यांनी १९७५ साली ‘मध्यम मार्ग’ मांडला: औषधे सर्वांना, शस्त्रक्रिया गरज असलेल्यांनाच. माझ्या मते या विषयात यापेक्षा शहाणपणाचा शब्द झाला नाही.

क्षयाची औषधे सामान्यतः १२ महिने, क्वचित १८ महिनेही घ्यावी लागतात. इतर पू करणाऱ्या जंतूंसाठी, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधील अभ्यासात ६ आठवड्यांचे प्रतिजैविक १२ आठवड्यांइतकेच गुणकारी ठरले. तथापि मोठे गळू असल्यास मुदत वाढू शकते. दुखणे दोन महिन्यांत पळते, आणि तेथेच गोची होते: ‘आता बरे वाटते’ म्हणून आजोबा गोळ्या सोडतात. क्षयाची औषधे सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळतात, त्यामुळे पैशांची सबब उरत नाही.

रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी होते, घाबरू नये. मात्र डोळे पिवळे होणे, उलट्या, इथॅम्ब्युटॉल घेताना रंग ओळखण्यात चूक होणे, हे दिसताच डॉक्टरांना कळवावे. रिफाम्पिसिनमुळे रक्त पातळ करणाऱ्या व मधुमेहाच्या काही गोळ्यांचा प्रभाव घटतो. म्हणून वृद्धांच्या सर्व औषधांची यादी पहिल्याच दिवशी दाखवावी. कमरेचा पट्टा आधारापुरता, डॉक्टर सांगतील तोवरच.

शस्त्रक्रिया केव्हा? पाय लुळे पडू लागले, मणका ढासळू लागला, मोठे गळू झाले किंवा औषधांना दाद मिळेनाशी झाली तर. पाय बधिर होणे, चालताना तोल जाणे, लघवी वा शौचावरील ताबा सुटणे यांपैकी काहीही दिसले, तर सकाळ होण्याची वाट पाहू नये. त्याच रात्री रुग्णालय गाठावे.