पेशंटसोबतच्या माणसाला जेवू घाला

वाढदिवस, पुण्यतिथी, मंडळाचा वर्धापनदिन असं काही आलं की सिव्हिल हॉस्पिटलमध्ये फळवाटप होतं. प्रत्येक खाटेवर दोन केळी, एक सफरचंद, एक बिस्किटचा पुडा. देणाऱ्यांच्या मनात चांगुलपणाच असतो. ज्याचं नावगाव माहीत नाही अशा आजारी माणसासाठी काहीतरी करावंसं वाटणं ही मोठी गोष्ट आहे, म्हणूनच त्या चांगुलपणाला एक विनंती करायची आहे. पुढच्या वेळी वॉर्डात गेलात की खाटेवरच्या माणसाची विचारपूस झाल्यावर खाटेखाली अंथरलेल्या चटईकडेही बघा. तिथे जी बाई किंवा जो बाप्या बसलेला असतो, तो काय खातो, कुठे खातो, सकाळपासून काही खाल्लंय का, हे विचारा. गरीब पेशंटच्या पोटात पुरेसं अन्न का जात नाही, याचं उत्तर बऱ्याचदा त्या चटईवर मिळतं.

सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयात दाखल झालेल्या पेशंटला जेवण मिळतं. चहा-नाश्ता, दोन वेळचं वरण-भात-पोळी-भाजी, डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तर दूध आणि अंडंही. सोबतच्या माणसाला ते मिळत नाही. ताट पेशंटच्या नावावर असतं. आणि सोबतीला माणूस तर लागतोच. रक्ताची पिशवी आणायची, स्ट्रेचर ढकलत एक्स-रेला न्यायचं, रिपोर्टसाठी खिडकीसमोर उभं राहायचं, सलाईन संपत आली की सिस्टरांना हाक मारायची, रात्री भांडं द्यायचं. हे सगळं तो माणूस करतो. त्याची मजुरी बुडालेली असते, येण्याजाण्यात आणि बाहेरच्या औषधांत पैसे गेलेले असतात, आणि खर्चाला कात्री लावायची वेळ आली की पहिली कात्री त्याच्याच जेवणाला लागते.

दुपारी जेवणाची गाडी वॉर्डात येते तेव्हा पाच मिनिटं थांबून बघा. केमो चालू असलेल्या माणसाच्या तोंडात फोड आलेले असतात. बायको ताट घेते. पोळी त्याला चावत नाही, म्हणून ती पोळ्या घडी घालून पिशवीत ठेवते. ते तिचं रात्रीचं जेवण. मग वरण-भात मऊ कालवून ती त्याला भरवू लागते. पाच-सहा घासांनंतर तो मान हलवतो, ‘पुरे, आता तू खा.’ त्याला खरंच नको असतं का? कधी असतंही. पण ती सकाळपासून चहावर आहे हे त्याला ठाऊक असतं, आणि एका ताटात दोघांचं भागवायचं तर कुणीतरी आधी हात धुवावाच लागतो. केसपेपरवर मात्र नोंद होते की पेशंटला भूक नाही.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. पेशंटचं पोषण सुधारायचं असेल तर सोबतच्या माणसाला पोटभर जेवू घाला. त्याचं ताट वेगळं आलं की पेशंटचं ताट पेशंटच्या पोटात जातं.

हे गाडगेबाबांनी ओळखलं होतं. पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा तीर्थांच्या ठिकाणी त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या, त्याच नजरेने त्यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाकडेही पाहिलं आणि तिथल्या पेशंटांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा बांधली. आज दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत परळच्या टाटा रुग्णालयात उपचार घेणारे कॅन्सरचे पेशंट आणि त्यांची माणसं राहतात. बाबा 1956 साली गेले. त्यानंतर वैद्यकशास्त्र कुठच्या कुठे पोचलं, पण परळच्या फुटपाथवर प्लॅस्टिकच्या कागदाखाली दिवस काढणारी पेशंटची कुटुंबं अजून दिसतात. टाटा 1941 साली सुरू झालं, देशभरातून माणसं तिथे येतात, आणि केमोचा एक डोस ते पुढचा डोस या मधल्या दिवसांत ती दाखलही नसतात. दाखल नसलेल्याला वॉर्डाचं ताट मिळत नाही. खाण्याची सर्वांत जास्त आबाळ याच दिवसांत होते.

सरकारलाही हे कधीकधी पटलेलं आहे. तीव्र कुपोषित मुलांसाठी जी पोषण पुनर्वसन केंद्रं असतात, तिथे मुलाला साधारण दोन आठवडे ठेवून विशिष्ट दुधाचा आहार देतात. मेळघाटातली किंवा नंदुरबारची आई मजुरी सोडून दोन आठवडे तिथे बसणार कशी, म्हणून तिच्या जेवणाची सोय आणि बुडीत मजुरी यांचा विचार झाला. आई उपाशी राहिली तर ती मूल उचलून घरी नेते, हे अनुभवातून कळलं होतं. मग हाच विचार मोठ्यांच्या वॉर्डात का थांबतो?

पोषणाने काय फरक पडतो याचा भक्कम पुरावा आपल्याच देशातला आहे. झारखंडच्या चार जिल्ह्यांत क्षयाच्या 2,800 पेशंटांना उपचारांच्या काळात दर महिन्याला दहा किलोचा शिधा दिला गेला. तांदूळ, दूध पावडर, भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ, तेल आणि सोबत जीवनसत्त्वांच्या गोळ्या. त्याचे निष्कर्ष 2023 साली प्रसिद्ध झाले. उपचार सुरू झाले तेव्हा त्यांतल्या दहापैकी आठांहून जास्त पेशंटांचं वजन कमी होतं. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन पाच टक्क्यांनी वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका 61 टक्क्यांनी कमी दिसला. चाळीस किलोच्या माणसाचे पाच टक्के म्हणजे दोन किलो. आणि याच प्रयोगात निम्म्या भागांत घरातल्या इतर माणसांनाही तांदूळ आणि डाळ दिली, तेव्हा त्या घरांत नव्याने क्षय होण्याचं प्रमाण 39 टक्क्यांनी खाली आलं. मला या दुसऱ्या आकड्याचं जास्त मोल वाटतं. सगळ्या घराला शिधा मिळाला की पेशंटच्या वाट्याचं पेशंटला मिळतं आणि बाकीच्यांचा आजारी पडण्याचा धोकाही कमी होतो.

तुमच्या गावात क्षयाचा पेशंट असणारच. त्याला मदत करायला कुणी मोठी संस्था असावी लागत नाही. 2022 पासून ‘निक्षय मित्र’ म्हणून कुणालाही नाव नोंदवता येतं, एकट्याने, बचत गटाने, पतसंस्थेने किंवा गणेश मंडळाने. पेशंटची संमती घेऊन आरोग्य केंद्र त्याच्याशी तुमची गाठ घालून देतं आणि तुम्ही दरमहा शिधा द्यायचा. सरकारकडून पेशंटच्या खात्यात पोषणासाठी महिन्याला पूर्वी 500 रुपये यायचे, नोव्हेंबर 2024 पासून 1,000 झाले. पण खातंच नसेल, किंवा आधार जोडलेलं नसेल, तर ते पैसे अडकतात. कुणाला बँकेत घेऊन जाऊन तेवढं काम करून दिलंत तर तेही अन्नदानच.

हक्काचं जे आहे ते आधी मिळवून द्या, मग खिशात हात घाला. 2011 पासून सरकारी रुग्णालयात बाळंत झालेल्या बाईला तिथलं जेवण मोफत आहे, साध्या बाळंतपणात तीन दिवस आणि सिझेरियन असेल तर सात दिवस. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत दाखल पेशंटच्या जेवणाचा समावेश आहे. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन आणि दहा टक्के दुर्बल घटकांतल्या पेशंटांसाठी राखीव आहेत, आणि रुग्णालय जेवण देत असेल तर या पेशंटांना ते फुकट द्यावं लागतं. बिलावर जेवणाची रक्कम दिसली तर विचारायला लाजू नका. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात. कोणत्या खाटेवरच्या कुटुंबाची परिस्थिती खरंच हलाखीची आहे हे त्यांना आणि वॉर्डातल्या सिस्टरांना नेमकं माहीत असतं. पहिली भेट त्यांची घ्या.

आता काय द्यावं आणि काय देऊ नये. इथे थोडं कडक बोलावं लागेल, कारण प्रेमाने दिलेल्या घासाने माणूस दगावू शकतो.

डायलिसिसवर असलेल्या पेशंटला शहाळं, केळं, मोसंबीचा रस देऊ नका. निकामी मूत्रपिंडातून पोटॅशियम बाहेर पडत नाही, ते रक्तात साठतं आणि हृदय बंद पडू शकतं. आजारी माणसाला शहाळं न्यायची आपली जुनी रीत आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो आहे. केमोमुळे पांढऱ्या पेशी कमी झालेल्या पेशंटला कापून ठेवलेली फळं, कोशिंबीर, कच्चं दूध, पंचामृत आणि लग्नाच्या पंगतीत उरलेलं अन्न अजिबात नको. साधा जंतूही त्याला आयसीयूत पोचवतो. त्याला ताजं, गरम, नीट शिजलेलं द्या. तोंड आलेलं असेल तर बिनतिखटाची मुगाची मऊ खिचडी, उकडलेलं अंडं, पेज, डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर नाचणीचं सत्त्व. एका अंड्यातून साधारण सहा ग्रॅम प्रथिनं मिळतात आणि ते चावायला त्रास होत नाही. अंडं खात नसलेल्यांसाठी मऊ शिजवलेलं वरण आणि पनीर आहे. मधुमेहाच्या पेशंटला प्रसादाचा शिरा वाटू नका. आणि बरेच दिवस जवळजवळ उपाशी असलेल्या माणसापुढे एकदम भरलेलं ताट ठेवू नका. शरीरातले क्षार अचानक बिघडून त्यातही जीव जातो. त्याचं खाणं डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू वाढवावं लागतं. म्हणजे पेशंटच्या तोंडात जाणारा कोणताही घास आहारतज्ज्ञांना किंवा सिस्टरांना विचारल्याशिवाय द्यायचा नाही. कर्करोग झालेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या कडल्स फाउंडेशनने हेच केलं आहे: रुग्णालयात स्वतःच्या आहारतज्ज्ञ नेमल्या, कोणत्या मुलाला काय द्यायचं ते त्या ठरवतात, आणि गरजू कुटुंबाला शिधाही देतात.

सोबतच्या माणसाच्या डब्याला यातली बहुतेक पथ्यं लागत नाहीत. पोळी-भाजी, वरण-भात, कधी भाकरी-पिठलं. स्वच्छ हातांनी केलेलं, दोन तासांच्या आत पोचलेलं आणि रोज ठरलेल्या वेळी येणारं, एवढंच बघायचं. वेळेला मी फार महत्त्व देतो. बाराला डबा येणार याची खात्री असली की ती बाई सकाळी नवऱ्याच्या नाश्त्यातला अर्धा वाटा उचलून ठेवत नाही. अधूनमधून येणाऱ्या पक्वान्नाने ही खात्री येत नाही.

त्यासाठी कुणा श्रीमंताची वाट बघायची गरज नाही. सोसायटीतल्या सात घरांनी आठवड्याचा एकेक वार वाटून घेतला तर एका माणसाच्या जेवणाची कायमची सोय होते. भजनी मंडळाने, महिला मंडळाने दोन-तीन डबे घेतले तरी चालतील. एका दिवसाच्या भंडाऱ्याला जेवढा शिधा लागतो, तेवढ्यात अनेक डबे कितीतरी आठवडे चालतील. स्वयंपाकाला वेळ नसेल तर जवळच्या पोळी-भाजी केंद्राला पैसे देऊन डबे लावा. तिथल्या चार बायकांनाही काम मिळेल. सुरुवात लहान करा, पण बंद पाडू नका. शंभर डबे देऊन पंधरवड्यात थांबणाऱ्यापेक्षा दोन डबे वर्षभर देणारा मला मोलाचा वाटतो.

देताना फोटो काढू नका. आजारपणाने आधीच त्या कुटुंबाला कर्ज मागायला, सुट्टी मागायला, तारीख मागायला लावलेलं असतं. त्यात हात पुढे केलेला फोटो गावाकडच्या नातेवाइकांच्या मोबाइलवर फिरला तर पुढच्या वेळी ती माणसं उपाशी राहतील, पण डबा घेणार नाहीत. जात, धर्म, गाव विचारू नका. कॅन्सर कुठला, कितवी स्टेज, हेही विचारू नका. पथ्य काय एवढं सिस्टरांकडून समजून घ्या. डबा हातात द्या, उद्या किती वाजता येणार ते सांगा आणि निघा.

या आठवड्यात एक दिवस तुमच्या जवळच्या सरकारी रुग्णालयात जा. समाजसेवा अधीक्षकांना भेटा आणि विचारा, बाहेरगावाहून आलेल्या कुणाला डब्याची गरज आहे का. ते नाव सांगतील. दुसऱ्या दिवसापासून एक डबा सुरू करा, आणि पेशंट घरी जाईपर्यंत तो चुकवू नका.